एक तास दवाखान्यात, १६७ तास घरात

“डॉक्टर म्हणतात भरती करायची गरज नाही. आठवड्यातून एकदा आणा, गोळ्या चालू ठेवा. मग मॅडम, बाकीचे सहा दिवस आम्ही काय करायचं?”

व्यसनमुक्तीच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून बसते तेव्हा हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतो. विचारणारे कधी जुळे सोलापुरातले निवृत्त मास्तर असतात, कधी अशोक चौकाकडच्या विड्या वळणाऱ्या अम्मा. मुलगा पंचविशीचा, तिशीचा, क्वचित चाळिशीला टेकलेला. म्हणजे शाळेत डांबून ठेवावं अशा वयाचा नाही, आणि सोडून द्यावं इतका परकाही नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चिंचोळी एमआयडीसीत एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बनवणारा कारखाना पोलिसांनी उघडकीस आणला. तेव्हापासून या आईबापांच्या बोलण्यात एमडीचीही भीती असते. हातभट्टीची आणि ताडीची तर जुनीच. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं आणि हातभट्टी गाळणाऱ्या तांड्यांवरच्या कुटुंबांना दुसऱ्या कामधंद्याकडे वळवलं. मोलाचं काम झालं ते. पण माल कमी झाला म्हणून आधीच लागलेलं व्यसन आपोआप सुटत नाही. ते सोडवण्याची लढाई घरात लढावी लागते, आणि त्या घरासाठी हे लिहिते आहे.

ओपीडीतून उपचार म्हणजे नेमकं काय होतं?

रुग्ण घरीच राहतो, जमेल तसा कामावर जातो आणि ठरलेल्या दिवशी दवाखान्यात येतो. तिथे तीन गोष्टी होतात. डॉक्टर तपासतात आणि औषध देतात. समुपदेशक त्याच्याशी, आणि तो हो म्हणाला तर घरच्यांशी, बोलतो. गरजेप्रमाणे रक्ताच्या किंवा लघवीच्या तपासण्या होतात. सुरुवातीला आठवड्यातून एकदा-दोनदा, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. हे किमान वर्षभर चालावं लागतं.

आठवड्याचे तास १६८. ओपीडीत त्यातला एक जातो. उरलेले १६७ तास तो गल्लीत, कामाच्या यंत्रमागावर, मित्रांत आणि तुमच्या घरात असतो. म्हणून तुम्ही काय करता याला एवढं महत्त्व आहे. पण हा हिशोब ऐकला की बरेच आईबाप १६७ तासांची राखण सुरू करतात. खिसे तपासणं, मोबाइल तपासणं, दारात उभं करून तोंडाचा वास घेणं. तसं करू नका. घराला वॉर्ड करता येत नाही आणि पोलीस चौकीही करता येत नाही. तुमचं काम त्याहून लहान आहे आणि स्पष्ट आहे.

“मनावर घेतलं तर काय सुटत नाही?”

सोलापूरकरांना हे समजावताना मी नळाच्या पाण्याचं उदाहरण देते. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि कधी कधी रात्री दोन वाजता. ज्या बाईने वर्षानुवर्षं पाणी भरलंय तिला घड्याळ लागत नाही. नळाने नुसता फुसफुस आवाज केला की गाढ झोपेतही ती उठून बसते, हात आपोआप घागरीकडे जातो. तिने तसं ठरवलेलं नसतं, तिचा मेंदू ते शिकलेला असतो.

व्यसनात हेच होतं, फक्त फार जास्त जोराने. दारू किंवा एमडी मेंदूत डोपामीन नावाचं रसायन उसळवतं. ‘हे महत्त्वाचं आहे, पुन्हा कर’ असा निरोप हे रसायन देतं. महिनोन्महिने असा निरोप मिळाला की मेंदू त्या भोवतीच्या सगळ्या खुणा पाठ करतो: दुकानाचा कोपरा, पगाराचा दिवस, ठराविक मित्राच्या गाडीचा हॉर्न, संध्याकाळचे सात. खूण दिसली की तलफ उठते. त्याच वेळी ‘थांब, उद्या कामावर जायचंय’ असं सांगणारा मेंदूचा पुढचा भाग दुबळा झालेला असतो. म्हणून सकाळी आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेणारा मुलगा संध्याकाळी पिऊन येतो. सकाळची शपथ खोटी नसते. संध्याकाळचा मेंदू सकाळच्या मेंदूपेक्षा वेगळ्या अवस्थेत असतो.

मग मनावर घेण्याला काहीच अर्थ नाही का? आहे. पण नुसत्या निर्धारावर सोडून चालत नाही. मधुमेहाच्या माणसाला आपण ‘मनावर घे, साखर उतरेल’ एवढं सांगून घरी पाठवत नाही. पथ्य त्याने स्वतःच पाळायचं असतं, तरी गोळी देतो, तपासणी करतो आणि घरातला गोडाचा डबा जरा लांब ठेवतो.

“पण भरती केलेलं बरं नाही का? निदान तिथे मिळणार तरी नाही”

काही जणांना भरती करावंच लागतं. कुणाला, ते आधी सांगते, कारण यात चूक झाली तर जीव जातो.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की शरीर बंड करतं. याला विड्रॉल म्हणतात. शेवटच्या घोटानंतर सहा-बारा तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतात: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. या अवस्थेत वेळेवर उपचार मिळाला नाही तर माणूस दगावतो. घरचे मात्र कधी कधी ‘बाहेरचं झालंय’ म्हणून त्याला भलतीकडेच घेऊन जातात. कृपा करून थेट दवाखान्यात न्या.

पूर्वी कधी फिट आली असेल, असा भ्रम झाला असेल, कावीळ किंवा पोटात पाणी असेल, हृदयाचा आजार असेल, जीव देण्याचं बोलत असेल किंवा घरी लक्ष ठेवायला कुणी नसेल, तर सुरुवातीचे दिवस भरती करूनच काढावेत. ‘उद्यापासून एक थेंब नाही’ असं स्वतःच ठरवून घरात कोंडून घेणं, किंवा तुम्ही त्याला कोंडणं, हा सगळ्यात धोक्याचा मार्ग आहे. ताडी पिणारा असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेटसारखं गुंगीचं औषध मिसळलेलं असतं, आणि ती अचानक बंद झाली तरी फिट येऊ शकते.

असा धोका नसेल तर पाच ते दहा दिवसांच्या औषधांवर हा त्रास घरीही निभावतो. हात थरथरू नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या दिवसागणिक कमी करत नेतात, सोबत जीवनसत्त्व बी-१ देतात. या गोळ्या मोजून देणं हे तुमचं पहिलं काम. त्यांचीही सवय लागते, म्हणून पाकीट तुमच्याकडे ठेवा आणि चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच द्या.

एमडीचं चित्र वेगळं. ती सोडल्यावर दारूसारखा शारीरिक विड्रॉल सहसा येत नाही. माणूस मात्र दिवसच्या दिवस झोपतो, खा-खा करतो, मग उदास होतो. ‘आता काही मजाच नाही’ म्हणतो. या उदासीत आत्महत्येचे विचार येऊ शकतात, त्यामुळे ‘आळशी झालाय’ म्हणून टोमणे मारू नका आणि त्याला एकटं सोडू नका. एमडीची तलफ थांबवणारी खास गोळी नाही. तिथे उपचाराचा सगळा भार बोलण्यावर, दिनक्रमावर आणि झोप-उदासी सावरण्यावर असतो.

आता भरतीबद्दल. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या संस्था १९८६ पासून हे काम मनापासून करत आहेत, आणि गरज असेल त्याने तिथे जावंच. पण भरती संपल्यावर माणूस त्याच गल्लीत, त्याच दुकानाच्या कोपऱ्यावर परत येतो. खुणांशी सामना इथेच करायचा असतो. ओपीडीत तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो. अवघड आहे, पण त्याचा सराव होतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या पाहणीत दिसलं की दारूच्या विळख्यातल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो, आणि भरतीचा उपचार १८० मध्ये एकाला. ओपीडीपर्यंत पोचलेलं घर बऱ्याच घरांच्या पुढे आलेलं असतं.

पाठीशी घालणं आणि पाठीशी उभं राहणं

मराठीत या दोन शब्दप्रयोगांत एका क्रियापदाचा फरक आहे. घरात तोच फरक महिनोन्महिने सापडत नाही.

एका अम्माची गोष्ट सांगते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजाराच्या आसपास विड्या वळणारी बाई. मुलगा एकोणतीस वर्षांचा, यंत्रमागावर कामाला. पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर बसली तेव्हाही तिची बोटं पदराचं टोक गुंडाळत होती, पान वळल्यासारखी. म्हणाली, “ताई, मी त्याच्यासाठी काय करायचं बाकी ठेवलं नाही.”

मी केस पेपर उलटा केला, मध्ये एक रेघ मारली आणि म्हटलं, तुम्ही काय काय करता ते सांगा. प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न विचारू: याने त्याचं पिणं सोपं होतं, की न पिणं सोपं होतं?

तो उठला नाही की मालकाला फोन करून ‘ताप आलाय’ सांगते. कुठलं सोपं झालं? ती थोडा वेळ गप्प बसली. “पिणं.” टपरीवरची उधारी भागवते. “पिणं.” ओकलेले कपडे सासरे उठायच्या आत धुऊन टाकते. “पिणंच की.” सकाळी चहाबरोबर गोळी देते. “न पिणं.” ओपीडीला सोबत येते, तेवढ्यासाठी अर्ध्या दिवसाच्या विड्या बुडतात. “न पिणं.”

मग तिनेच अडवलं. “रात्री एक वाजता गरम भाकरी करून घालते. ते कशात? पोरगं उपाशी ठेवू का?” नाही, उपाशी ठेवायचं नाही. भाकरी आणि शेंगाचटणी झाकून ठेवायची आणि आपण झोपायचं. वेळेवर घरी आला तर मात्र गरम भाकरी, सगळ्यांबरोबर, समोर बसून. दोन्ही वेळी अन्न तेच आहे. पण आईची सोबत तो पिऊन नसतो त्या वेळेला मिळते.

पुढच्या आठवड्यात तिने मालकाला फोन केला नाही. एक दिवसाची मजुरी गेली, घरात आदळआपट झाली. ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. “पोटात नुसतं कालवायलं होतं, ताई.” ते कालवणं मी कमी करू शकत नव्हते. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मुलाने स्वतः मालकाला फोन केला आणि पहिल्यांदाच खरं कारण सांगितलं.

आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज आठवा. तो उंच, जड ध्वज पेलणारा एकच असतो. बाकीचे भोवती तोल सांभाळायला असतात. यात्रेआधी कित्येक दिवस सराव चालतो. भोवतालचे ओझं हातातून काढून घ्यायला लागले तर मिरवणूक पुढे जाणार नाही, आणि सगळे बाजूला झाले तरी नाही.

वागण्याइतकंच बोलण्याचंही आहे. पिऊन आलेल्या माणसाशी त्या रात्री काहीही बोलू नका. हिशोब नाही, शपथ नाही, रडणं नाही. सकाळी, शांतपणे, थोडक्यात आणि स्वतःबद्दल बोला: “काल तू बारापर्यंत आला नाहीस, मी फार घाबरले होते. आज लवकर आलास तर बरं वाटेल.” एवढंच. ‘तुझा बापही असाच होता’ हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा. आणि जो दिवस चांगला गेला तो बोलून दाखवा. आपल्याकडे चुकीला शंभर शब्द असतात आणि चांगल्या दिवसाला एकही नसतो. ‘न प्यायला म्हणजे काय उपकार केले?’ असं वडील विचारतात. उपकार नाहीत, पण कष्ट आहेत, आणि कष्टाची दखल घेतली की ते पुन्हा केले जातात.

संध्याकाळी सहा ते नऊ हा बहुतेकांचा अवघड वेळ. ती पोकळी भरायला आधीच काहीतरी ठरवून ठेवा: सिद्धेश्वर तलावाला किंवा कंबर तलावाला चक्कर, तालीम, भाच्याचा अभ्यास, पाणी येणार असेल त्या दिवशी पाणी भरणं. तलफ साधारण वीस-तीस मिनिटांत उतरते. तेवढा वेळ हाताला काम आणि पोटात अन्न असलं तर बऱ्याचदा निभावतं.

पैसे द्यायचे की नाही?

रोख नको. औषध, बसभाडं, डबा, मोबाइलचं रिचार्ज तुम्ही परस्पर करा. तो कमावता असेल तर त्याचा पगार हिसकावून घेऊ नका, त्यातून भांडणच उभं राहतं. ‘पहिले तीन महिने पगाराच्या दिवशी आपण दोघं मिळून आधी किराणा भरू’ असं त्याच्या संमतीने ठरवा. जुनी उधारी त्याची आहे, ती त्यानेच हप्त्याने फेडावी.

“त्याला कळू न देता जेवणात औषध घातलं तर?”

हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो, पण बरेचजण विचारतात. भिंतींवर तशा जाहिरातीही रंगवलेल्या असतात. उत्तर स्पष्ट आहे: कधीही नाही.

डायसल्फिराम नावाची एक गोळी आहे. ती घेतलेली असताना दारू प्यायली की दारूतून शरीरात तयार होणारं एक विषारी द्रव्य पुढे मोडत नाही. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माहीत असलेला माणूस या भीतीने दारूपासून लांब राहतो. माहीत नसलेला नेहमीसारखा पितो आणि त्यात मरूही शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. आणि त्याच्या भाजीत औषध मिसळलंय हे त्याला कळलं, की तुमच्या हातचं जेवण आणि डॉक्टरांची गोळी दोन्हीवरचा त्याचा विश्वास जातो.

हीच गोळी उघडपणे दिली तर फार उपयोगी ठरते. डॉक्टर यकृत-हृदय तपासतात, तो स्वतः हो म्हणतो आणि रोज सकाळी तुमच्यासमोर घेतो. घरच्यांच्या समोर घेतलेली डायसल्फिराम एकट्याने घ्यायला दिलेल्या गोळीपेक्षा चांगली लागू पडते. देताना पोलिसी चेहरा नको. ‘घेतलीस, बरं झालं’ एवढं म्हणा, कॅलेंडरवर खूण करा, चहा घ्या. दारूची मजाच कमी करणारी नॅल्ट्रेक्सोन आणि अस्वस्थता शमवणारी अकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधंही आहेत. कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

“तो आमचा मुलगा आहे. जबरदस्तीने का नेता येत नाही?”

तो अठरा वर्षांवरचा आहे म्हणून. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांचाही समावेश आहे, आणि सज्ञान माणसाच्या उपचाराचा निर्णय त्याचा स्वतःचा हे त्याचं सूत्र आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नसेल, तर तज्ज्ञांच्या तपासणीनंतर संमतीशिवाय भरती होऊ शकते, तीही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. रात्री गाडी पाठवून चार माणसांनी उचलून नेणं यात बसत नाही. तसं नेलेली मुलं मी पाहिली आहेत. ती परत आल्यावर आईबापांशी बोलत नाहीत.

याच कायद्यात गोपनीयता आहे. त्यामुळे डॉक्टरांनी ‘त्याने काय सांगितलं ते सांगणार नाही’ म्हटलं तर रागावू नका. ती खात्री आहे म्हणून तो खरं बोलतो. तुम्ही मात्र डॉक्टरांना काहीही सांगू शकता, त्याला बंदी नाही. आणि मुलाची तयारी असेल तर तो तुम्हाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत त्याला साथ देणारा माणूस, नेमू शकतो.

‘नाव बाहेर फुटलं, पोलीस आले तर?’ अशीही भीती असते, विशेषतः एमडी-गांजाच्या बाबतीत. उपचारासाठी आलेल्या रुग्णाची खबर द्यायला दवाखाना बसलेला नाही. उलट, १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वतःच्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसाने आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद आहे. तो उपचार पूर्ण मात्र करावा लागतो.

“लग्न करून दिलं की सुधारेल”

याबद्दल मला जरा कडक बोलू द्या. व्यसनावर लग्न हा उपाय नाही. दुसऱ्याच्या मुलीला, बऱ्याचदा काहीही न सांगता, आपण त्या १६७ तासांच्या ड्युटीवर उभं करतो. वरातीत पहिली बाटली मित्रच हातात देतात. वर्षाच्या आत अंगावर तान्हं मूल, दंडावर वळ आणि ‘तुलाच सांभाळता आलं नाही’ हा ठपका घेऊन ती मुलगी ओपीडीच्या बाकावर बसलेली असते. मी त्या बाकाशेजारी बसते, म्हणून हे लिहिताना माझा आवाज चढतो. लग्न ठरवायचंच असेल तर निदान वर्षभर तो न पिता राहू दे, आणि मुलीला सगळं आधी सांगा, तिच्या वडिलांना नव्हे, तिला स्वतःला.

व्यसन मुलींनाही असतं, हेही इथेच सांगते. झोपेच्या गोळ्या, दारू, मिश्री. मुलाला निदान ओपीडीत तरी आणतात. मुलीचं व्यसन घराण्याच्या इज्जतीखाली इतकं खोल दडपतात की ती पोचते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

“सहा आठवडे नीट होता, परवा पुन्हा प्यायला. सगळं पाण्यात?”

नाही. व्यसनाच्या उपचारानंतर पुन्हा घसरण होण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के आढळतं. रक्तदाब आणि दमा या आजारांतही औषध-पथ्य सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण असंच, किंबहुना थोडं जास्तच आहे. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून आपण ‘उपचार फसला’ म्हणत नाही, डॉक्टरांकडे जाऊन गोळी बदलून घेतो.

त्या अम्माचा मुलगा सातव्या आठवड्यात एका वरातीत प्यायला. दुसऱ्या दिवशी लाजेने ओपीडीला येईना. तिने त्याच्याच धंद्यातलं सांगितलं म्हणे: मागावर तार तुटली तर तू काय करतोस? माग थांबवतोस, गाठ मारतोस, पुढे चालू करतोस. लक्ष नाही दिलंस तर हातभर चादर वाया जाते. तो आला. काय झालं ते बसून उलगडलं तेव्हा कळलं की वरातीआधी आठवडाभर त्याची झोप उडाली होती आणि गोळी दोन दिवस चुकली होती. पुढच्या वेळी लक्ष ठेवायला या दोन खुणा मिळाल्या.

एकदा घसरणं आणि पुन्हा रोजचं सुरू होणं यांत थोड्याच दिवसांचं अंतर असतं. या दिवसांत ‘माझं मेलं नशीबच’ म्हणण्यापेक्षा दवाखान्याला फोन करणं कामाचं. पहिले तीन महिने सर्वांत नाजूक असतात. लग्नसराई, गणपती-विसर्जन, गड्डा, पगार, घरात झालेलं दुःख, आणि आनंदसुद्धा, हे दिवस आधीच कॅलेंडरवर पाहून ठेवा. एक इशारा विसरू नका: ब्राऊन शुगरसारख्या अफूच्या कुळातल्या नशेत काही आठवड्यांच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो.

हात उचलत असेल तर?

मग वरचं सगळं बाजूला ठेवा. आधी जीव. त्या क्षणी वाद न घालता शेजारी जा, लहान मुलं आणि सून यांना आधी बाहेर काढा, ११२ ला फोन करा. स्वतःच्या मुलावर पोलीस बोलावल्याचं ओझं आईला वर्षानुवर्षं छळतं, मला माहीत आहे. तरीही बोलवा. त्याला काही दिवस दुसरीकडे राहायला सांगावं लागलं तर ‘घराबाहेर राहा, ओपीडीला मी सोबत येईन’ असं सांगा. घराचं दार बंद असतानाही उपचाराचं दार उघडं ठेवता येतं.

“तो यायलाच तयार नाही”

मग तुम्ही या. एकटे. हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि मला सगळ्यात जास्त आशा इथेच वाटते. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दारू पिणाऱ्या, उपचार नाकारणाऱ्या माणसांच्या घरच्यांचे तीन गट केले होते. एका गटाला जवळच्या माणसांनी एकत्र येऊन पिणाऱ्याला समोरासमोर जाब विचारण्याची पद्धत शिकवली, तर ३० टक्के जण उपचाराला आले. दुसऱ्या गटात घरच्यांनी फक्त स्वतःला सावरण्यावर भर दिला, तिथे १३ टक्के. तिसऱ्या गटाला ‘क्राफ्ट’ नावाची पद्धत शिकवली: न पिण्याच्या वेळेला सोबत आणि कौतुक, पिण्याच्या वेळेला शांतपणे बाजूला होणं, परिणाम त्याचे त्याला भोगू देणं, आणि त्याचं मन हललेलं दिसलं की लगेच उपचाराचं नाव काढणं. तिथे ६४ टक्के जण आले. अम्माच्या केस पेपरवरची रेघ त्याच पद्धतीतली आहे.

ते मन हलणं फार थोडा वेळ टिकतं. अपघातातून वाचल्यावरची सकाळ, मुलीने ‘पप्पा वास येतो’ म्हटल्यावरचा तासभर. तेवढ्या वेळात ‘कुठे जायचं’ शोधत बसलात तर वेळ निघून जाते. म्हणून आजच चौकशी करून ठेवा. सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागाची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आणि १४४१६ हा टेली-मानसचा, दोन्ही मोबाइलमध्ये ठेवा. तिथे मराठीतही बोलता येतं. दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आणि घरच्यांसाठीच्या अल-अनॉनच्या सभाही असतात, त्यांना फी नसते.

येताना काय आणायचं ते सांगते. जुने केस पेपर. सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, साखरेच्या आणि रक्तदाबाच्यासुद्धा. तो काय घेतो, किती घेतो आणि शेवटचं कधी घेतलं याची चिठ्ठी, अंदाजाने लिहिलेली चालेल. आणि तुमचं स्वतःचं एक दुखणं. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, काय असेल ते. तुमच्या नावाचाही वेगळा केस पेपर काढू.